‘पाहिले’चा शिक्का

मंगळवारी सकाळी, प्रार्थना संपून मुलं वर्गात गेल्यावर, तृप्ती रेडेकर मॅडमच्या टेबलावरच्या स्क्रीनवर तीन शब्द उमटले आणि त्यांच्या हातातला चहाचा कप ओठांपर्यंत पोचलाच नाही. ‘गळतीचे ठिकाण सापडले.’ खाली नाव होतं : होडगे गजानन शंकर, विज्ञान, आठवी ते दहावी. नावाखाली एक फॉर्म, आणि फॉर्मच्या कोपऱ्यात मुदत : शुक्रवार, सायंकाळी पाच.

मॅडम कासारवळच्या नवोन्मेष विद्यालयाच्या मुख्याध्यापिका. वय एकावन्न, त्यातली अकरा वर्षं या खुर्चीत गेलेली. आजरा तालुक्यातलं डोंगराखालचं गाव, चौदा शिक्षक, तीनशे नव्वद मुलं. त्यातल्या दोनशे मुली. त्या दोनशेतल्या निम्म्या तरी शाळा गावात आहे म्हणूनच शाळेत आहेत, हे सांगायला मॅडमना कुठल्या यंत्राची गरज नव्हती.

यंत्राचं प्रकरण मात्र आधी सांगायला हवं. काही वर्षांपूर्वी संशोधकांच्या असं ध्यानात आलं, की माणूस मनापासून कामाला लागला की त्याच्या हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर एका विशिष्ट लयीत कमीजास्त होतं, तळहाताचा ओलावा बदलतो आणि आवाजातले चढउतार वाढतात. तिन्ही गोष्टी मनगटपट्टीने एकत्र मोजल्या तर माणसाची उमेद आकड्यात मांडता येते, शून्य ते शंभर. इथवर फारसं नवल नव्हतं. नवल पुढेच होतं. शाळाशाळांतून वर्षभर पट्ट्या बांधल्यावर दिसलं, की सकाळच्या प्रार्थनेला मुख्याध्यापकाच्या आवाजात जी लय असते, ती चाळीस मिनिटांत शिक्षकांच्या ठोक्यांत उतरते आणि तिसऱ्या तासापर्यंत मुलांच्या. वर पाझर तलाव भरला की खालच्या विहिरींना पाणी चढतं, तसंच काहीसं. म्हणून त्या यंत्रणेला ‘पाझर’ असंच नाव पडलं. तिच्या भाषेत मुख्याध्यापक म्हणजे उगम, शिक्षक म्हणजे वाट, मुलं म्हणजे विहिरी. वाटेत जिथे उमेद एकदम खाली जाते, ती गळती.

संशोधकांनी हे सगळं केलं ते समजून घेण्यासाठी. सरकारदरबारी पोचेपर्यंत त्याचा नियम झाला. सलग तीन सत्रं शाळेचा उमेद अंक पंचावन्नच्या खाली राहिला, तर मुख्याध्यापकाने गळतीचं नाव कायम करून कळवायचं. मग त्या शिक्षकाची रवानगी जिल्ह्याच्या प्रेरणा केंद्रात. तिथून प्रेरणा घेऊन कुणी परत आल्याचं अजून तरी ऐकिवात नव्हतं. नाव कळवलं नाही तर शाळा सुनावणीच्या यादीत, आणि सुनावणीतून वाचली नाही तर एकवीस किलोमीटरवरच्या तालुक्याच्या शाळेत विलीन. घाटातून रोज बेचाळीस किलोमीटर. मॅडमना दहावीच्या पहिल्या बाकावरच्या मुलींची नावं एकेक करून आठवायला लागली आणि त्यांनी ती आठवणं मुद्दाम थांबवलं.

नवोन्मेषचा अंक एकोणपन्नास होता. तीन वर्षांपूर्वी तोच एकाहत्तर होता.

या तीन वर्षांत मॅडमनी काय केलं नाही? कानात ‘पाझर’चा मण्याएवढा सल्लागार घालून त्या वऱ्हांड्यातून फिरायच्या. मणी सांगायचा, ‘हसा.’ त्या हसायच्या. मणी सांगायचा, ‘समोरच्याचे नाव घेऊन कौतुक करा.’ त्या म्हणायच्या, “वा, मुल्ला मॅडम, वा.” भूगोलाच्या शमा मुल्ला बिचाऱ्या पाणी पीत उभ्या असायच्या, आपण नक्की काय चांगलं केलं हे त्यांना कळायचं नाही. अंक अर्ध्याने वाढायचा आणि दुपारी एकाने उतरायचा. मग मॅडमना काळजी लागायची, आणि ती काळजी आवाजातून खाली झिरपते हे ठाऊक असल्यामुळे त्या काळजीची आणखी काळजी.

दुपारी त्या होडगे सरांच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसल्या. नववीचा वर्ग. सर भिंतीवर चित्रफीत लावून खिडकीशी उभे होते, दोन्ही हात पाठीमागे बांधून. शिकवत होते ते सगळं बरोबर होतं. चूक एकच, की आवाज इस्त्री केल्यासारखा सपाट होता. मुलं वहीत उतरवून घेत होती, एकही हात वर नव्हता. प्रयोगाच्या कपाटाला कुलूप होतं आणि कुलपावर धूळ.

“पूर्वी सरांचा तास असला की माझ्या वर्गातली मुलं खिडकीतून डोकवायची,” बाहेर शमा मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. “मला रागच यायचा. आता कुणी डोकवत नाही, तर बरं वाटत नाही.”

“काय झालं असेल त्यांना?”

“विचारलं नाही मॅडम. तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं.”

बुधवारी मॅडम फॉर्म भरायला बसल्या. मनावर दगड ठेवला होता. एका माणसाची नोकरी आणि दोनशे मुलींची शाळा, यात निवड करायला फार अक्कल लागत नाही, असं त्यांनी स्वतःला चारदा सांगितलं. फॉर्ममध्ये पुरावा मागितला होता : संबंधित शिक्षकाच्या पाठ टाचणाच्या प्रती.

टाचण म्हणजे शिक्षकाने आठवडाभर काय आणि कसं शिकवणार ते आधी लिहून काढायची वही. बाकी सगळं स्क्रीनवर गेलं, टाचण तेवढं कागदावर राहिलं, कारण संस्थेच्या संस्थापकांनी तसा ठराव केला होता आणि तो रद्द करायचं कुणाच्या डोक्यातच आलं नाही. मॅडमनी होडगे सरांच्या चार वर्षांच्या वह्या मागवल्या.

पहिली वही उघडली आणि त्यांना आपलंच अक्षर भेटलं. लाल शाईत : ‘वाचले. लिटमसऐवजी जांभळ्या कोबीचा रस वापरून पाहता येईल का?’ खाली सरांचं निळं उत्तर : ‘केले. उत्तम जमले. उरलेला कोबी मुलांनी खाल्ला.’ दर आठवड्याला असं काहीतरी. वाचले, आणि मग एक ओळ. कुठे प्रश्न, कुठे थट्टा. एका पानावर तर दोघांचं चुंबकावरून चक्क भांडण झालेलं, समासभर पसरलेलं. आपण असं लिहीत होतो, हे मॅडम विसरूनच गेल्या होत्या.

दुसऱ्या वहीत जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून लाल शाई संपली. तिच्या जागी जांभळा चौकोनी शिक्का : ‘पाहिले. मुख्याध्यापिका.’

शिक्का त्यांनीच करून घेतला होता. ‘पाझर’ शाळेत आलं, सल्लागार मणी दिवसातून दोन तास मागायला लागला, मग चौदा वह्या वाचायला वेळ कुठून आणायचा? गडहिंग्लजहून शिक्का आला आणि तो नेसरीकर भाऊसाहेबांच्या, म्हणजे शाळेच्या कारकुनांच्या, खणात गेला.

पहिले दोन महिने वहीत सगळं रीतसर होतं. मग ऑगस्टमधलं एक पान : ‘आज आठवीला घेऊन चंद्रावर गेलो. दोन मुली तिथेच राहिल्या. उद्या आणतो.’ खाली शिक्का, पाहिले. पुढच्या आठवड्यात : ‘न्यूटनच्या नियमांत एकाची भर घातली. चौथा माझा.’ पाहिले. त्यापुढे : ‘मुख्याध्यापिकांना छताला उलटे टांगून गुरुत्वाकर्षण समजावले. मॅडमनी सहकार्य केले.’ पाहिले.

मॅडमना हसू फुटलं. पण पानं उलटत गेल्या तसं ते हसू ओसरलं. माणूस दार वाजवत होता. आधी टिचकीने, मग मुठीने. आणि आतून दर शनिवारी तेच एक उत्तर.

तिसऱ्या वहीत थट्टा थांबली होती. ‘प्रकाशाचे वक्रीभवन. पेल्यातली पेन्सिल वाकडी दिसते हे दाखवताना पाणी सांडले. माझा हात थरथरतो. डॉक्टर कंपवात म्हणतात. मुले हसली नाहीत, त्याचेच जास्त वाईट वाटले. यापुढे प्रयोग करून दाखवणे मला जमेलसे वाटत नाही. काय करावे, मार्गदर्शन व्हावे.’

पाहिले.

आणि चौदा महिन्यांपूर्वीच्या एका पानावर, घटक आणि उपघटकाच्या रकान्यांत : ‘वरील कारणास्तव मी माझ्या पदाचा राजीनामा देत आहे. तो स्वीकारावा, ही विनंती.’ अक्षर वेडंवाकडं होतं. शिक्का मात्र सरळ, रेघेला धरून मारलेला.

मॅडमनी स्क्रीनवर उमेद अंकाचा जुना आलेख काढला. एकाहत्तरावरून घसरण सुरू झाली ती शिक्का आला त्याच्या पुढच्याच महिन्यात, जुलैत. यंत्र खोटं बोलत नव्हतं. होडगे सरांपाशी उमेद खाली जात होती, हे खरंच होतं. पण पट्टीला मोजता येतं ते बोललेलं आणि ऐकलेलं. जे बोलायचं राहून गेलं, त्याचा ठोका कुठल्याच मनगटात पडत नाही. म्हणून गळती जिथे दिसली तिथे ‘पाझर’ने बोट ठेवलं होतं, आणि पाणी वरूनच सुटलं नव्हतं.

त्यांनी भाऊसाहेबांना बोलावलं. “होडगे सरांचं टाचण तुम्ही कधी वाचलंत का हो?”

“आम्ही कशाला वाचू मॅडम?” भाऊसाहेब चकित झाले. “आमचं काम मारायचं. शनिवारी चौदा वह्या, चौदा शिक्के. तीन वर्षांत एक चुकला नाही बघा.” त्यांच्या आवाजात अभिमान होता, आणि त्यांना बोलायला मॅडमकडे तोंड नव्हतं.

गुरुवारी मधल्या सुट्टीत त्या प्रयोगशाळेत गेल्या. सर एकटेच डबा खात होते. मॅडमना पाहून त्यांनी उजवा हात टेबलाखाली घेतला. मॅडमनी ती वही त्यांच्यासमोर ठेवली.

“सर, तुम्ही चौदा महिन्यांपूर्वी राजीनामा दिलाय.”

“दिलाय.”

“मग?”

“मंजूर झाला का नामंजूर, ते त्या शिक्क्यावरून कळेना. म्हणून येत राहिलो.”

कानातला मणी कुजबुजला, ‘हसा.’ मॅडमनी तो काढून पर्समध्ये टाकला.

“माझं चुकलं सर. वाचायला हवं होतं. माझ्याकडून दुसरं कुठलंच काम राहिलं असतं तरी चाललं असतं, हे राहायला नको होतं.”

सरांनी डब्याला झाकण लावलं. “रागानं नव्हतो लिहीत मॅडम. सुरुवातीला गंमत वाटायची. मग वाटलं, तुम्ही वाचता आणि मुद्दाम बोलत नाही. ते फार लागलं. वह्या बघणारं कुणी नसलं की माणूस मुलांच्या वह्याही तशाच बघायला लागतो. मीही नुसत्या बरोबरच्या खुणा करत सुटलो.” त्यांनी उजवा हात वर काढून टेबलावर ठेवला. तो थरथरत होता. “बघा. हा असा.”

मॅडमनी मग फॉर्मबद्दल सांगितलं. लपवण्यात अर्थ नव्हता.

“घाला की माझं नाव,” सर सहज म्हणाले. “राजीनामा नाहीतरी तुमच्याकडेच आहे. दोनशे पोरींच्या शाळेपुढे मी कोण लागून गेलो?”

इतकं सोपं करून दिलं त्यांनी, की मॅडमना भीतीच वाटली. रात्रभर मनात घोळवलेला निर्णय समोरचा माणूस स्वतःच उचलून हातात देत होता. नुसती मान डोलवायची होती.

“उद्या नववीला काय आहे?” त्यांनी विचारलं.

“वक्रीभवन. चित्रफीत लावणार.”

मॅडमनी सरांची यंदाची वही ओढली, पर्समधलं लाल पेन काढलं आणि चालू आठवड्याच्या पानावर लिहिलं : ‘वाचले. पेला मुलांच्या हातात द्यावा. हात त्यांचे, नजर तुमची. पाणी सांडले तर सांडू दे.’ आणि खाली सही केली.

त्या दिवशी त्या राहिलेल्या तेरा जणांच्या जुन्या-नव्या वह्याही घेऊन बसल्या. एका शिक्षकाने सलग दोन वर्षं तेच टाचण तारखा बदलून उतरवलं होतं. शमा मॅडमच्या वहीत, नदीच्या धड्याशेजारी, पेन्सिलीने बारीक लिहिलं होतं : ‘मुलांना घेऊन नदीवर जायची परवानगी मिळेल का?’ दोन पावसाळ्यांपूर्वीचं. मॅडमनी तिथेही लाल पेन टेकवलं.

शुक्रवारी सकाळी नववीत एक पेला फुटला. वर्गातून गलका आला तशा मॅडम धावत गेल्या. सर खिडकीशी उभे होते, हात पाठीमागे होता, आणि चार पोरी एकाच पेल्यात वाकून वाकून बघत भांडत होत्या की पेन्सिल खरंच मोडली की कसं. सर म्हणत होते, “मला काय विचारता? बाहेर काढून बघा की.” मॅडम दारातूनच परत फिरल्या.

ऑफिसात येऊन त्यांनी फॉर्म उघडला. ‘गळतीचे ठिकाण’ या चौकटीत स्वतःचं नाव घालायला गेल्या, तर यादी उघडली. यादीत चौदा शिक्षक होते, तीनशे नव्वद मुलं होती. रेडेकर नव्हत्या. त्यांनी जिल्ह्याच्या ‘पाझर’ कक्षात फोन लावला. कणसे म्हणून अधिकारी होते.

“मॅडम, तुमचं नाव येणार नाही त्यात. तुम्ही उगम आहात.”

“उगमाच्याच तोंडाला बोळा बसला असेल तर साहेब?”

“तशी सोय नाही दिलेली.” कणसे साहेब वाईट माणूस नव्हते, त्यांनाही पाचपर्यंत साठ शाळा उरकायच्या होत्या. “होडगे आलंय ना तुमच्याकडे? तेवढं कायम करा. एक बटण आहे. शाळा सुटेल, तुम्हीही सुटाल.”

“आणि नाही केलं तर?”

“तर सुनावणी. मी तुमच्या जागी असतो तर ती जोखीम घेतली नसती मॅडम. मुलींचा विचार करा.”

मुलींचाच विचार त्या चार दिवस करत होत्या. त्यांनी फोन ठेवला, कागद घेतला आणि शिक्षणाधिकाऱ्यांना हाताने पत्र लिहिलं. शिक्का कधी केला, कुणाच्या खणात ठेवला, चंद्रावर राहिलेल्या दोन मुली, सांडलेलं पाणी, राजीनामा, सगळं. शेवटी लिहिलं : ‘गळती माझ्यापाशी आहे. ती सापडली आहे आणि बुजवायला घेतली आहे. कारवाई करायची तर माझ्यावर व्हावी. होडगे सर आणि ही शाळा, दोन्ही राहू द्यावीत. हे पत्र कृपया वाचावे.’

भाऊसाहेब पत्र घेऊन तालुक्याला गेले. पाच वाजले. मॅडमचं बोट बटणापासून वीतभर अंतरावर होतं. छातीत इतकं धडधडत होतं की मनगटपट्टी तांबडी झाली. पाच वाजून एक मिनिटाने स्क्रीनवर आलं : ‘फॉर्म अपूर्ण. शाळा सुनावणीच्या यादीत.’

त्यानंतरचे नऊ दिवस मॅडम नीट जेवल्या नाहीत. अंक एकोणपन्नासाचा एकावन्न झाला, मग पन्नास. शमा मॅडम मुलांना नदीवर घेऊन गेल्या आणि चिखलाने भरून आल्या. कुणी काही विचारलं तर मॅडम खरं सांगत : “मला भीती वाटते आहे.” असं सांगितल्यावर शिक्षक घाबरतील असं वाटलं होतं. ते उलट ऑफिसात येऊन बसायला लागले.

दहाव्या दिवशी पत्राची प्रत परत आली. मॅडमनी पाकीट उभ्याउभ्याच फोडलं. पहिलं पान, दुसरं पान. कुठे ओळ नाही, प्रश्न नाही. शेवटच्या पानाच्या खाली, त्यांच्या सहीवरच अर्धा चढलेला, निळा गोल शिक्का होता.

‘पाहिले.’

मॅडम खुर्चीत बसल्या. चौदा महिने त्या माणसाला दर शनिवारी काय वाटत असेल, ते त्यांना आता पुरतं कळलं. समोर होडगे सर वही द्यायला आलेले होते. मॅडमनी पत्र त्यांच्याकडे सरकवलं.

सरांनी चष्मा लावला. पहिल्या ओळीपासून सुरुवात केली आणि सावकाश, एकही ओळ न गाळता शेवटापर्यंत आले. चंद्राच्या ओळीशी थोडे थांबले. मग त्यांनी टेबलावरचं लाल पेन उचललं, उजवं मनगट डाव्या हाताने घट्ट धरलं, आणि त्या निळ्या शिक्क्याखाली लिहायला लागले. बराच वेळ लागला. अक्षरं वरखाली झाली, काना रेघेबाहेर गेला. पण शब्द स्वच्छ होता.

‘वाचले.’

खाली सही केली : ग. शं. होडगे.

दारात शमा मॅडम येऊन उभ्या राहिल्या होत्या. पाकीट आल्याचं शाळाभर कळलं असणार. “मॅडम, काय आलं? शाळा वाचली का?”

“अजून नाही कळलं,” मॅडम म्हणाल्या. आवाज कापरा होता, पण त्यांनी तो आवरला नाही. “सुनावणी सव्वीस तारखेला आहे. आपण सगळेच जाऊ. चौदा वह्या घेऊन.”

मग त्यांनी भाऊसाहेबांना हाक मारली आणि पत्र त्यांच्या हातात दिलं.

“याच्या तीन प्रती काढा. शिक्का आणि त्याखालचं, दोन्ही आलं पाहिजे.”

“लगेच काढतो.” भाऊसाहेब वळले.

“भाऊसाहेब,” मॅडम म्हणाल्या, “काढायच्या आधी एकदा बसून वाचा.”